भूलतज्ज्ञ व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीची मुलं, त्यांचे आईवडील, इंटर्नशिप संपत आलेले डॉक्टर, अधूनमधून एखादे बीएएमएस वैद्य, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून ते एका जागी आणले आहेत. सुरुवात साध्या प्रश्नांपासून आहे, अडनिडे प्रश्न शेवटी आहेत. एकच उत्तर दोनदा द्यावं लागू नये म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. प्रवेशाचे नियम दरवर्षी थोडेफार हलतात, त्यामुळे अर्ज भरताना त्या वर्षीची माहितीपुस्तिका उघडून बघाच.

१. भूलतज्ज्ञ व्हायला बारावीनंतर एकूण किती वर्षं लागतात?

कागदावर साडेआठ. नीट-यूजी देऊन एमबीबीएसला प्रवेश, साडेचार वर्षं अभ्यासक्रम आणि एक वर्ष इंटर्नशिप. मग नीट-पीजी देऊन अ‍ॅनेस्थेशियॉलॉजीत (भूलशास्त्रात) एमडी किंवा तिच्या समकक्ष डीएनबी (प्रश्न ७), त्याची तीन वर्षं. प्रत्यक्षात एमबीबीएस आणि पीजीच्या मध्ये बहुतेकांचं एखाद-दुसरं वर्ष तयारीत जातं. सरकारी कॉलेजमधून शिकलात तर बाँडसाठी आणखी वेळ धरा (प्रश्न १२). वर्गातली इंजिनीअर झालेली मित्रमंडळी घराचे हप्ते भरायला लागलेली असतात तेव्हा तुम्ही रात्रपाळीला असता. घरी हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

२. मी बारावीला गणित घेतलेलं नाही. मैत्रिणीने उलट बायोलॉजी सोडून गणित ठेवलंय. आम्हा दोघींना चालेल का?

तुम्हाला चालेल. नीटमध्ये फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायोलॉजी एवढंच असतं. बारावीत या तीन विषयांत मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात, शिवाय इंग्रजी उत्तीर्ण हवं. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वय १७ पूर्ण पाहिजे. वरची वयोमर्यादा नाही.

मैत्रिणीचाही रस्ता बंद नाही. बारावीनंतर बायोलॉजी हा जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त मंडळाकडून उत्तीर्ण झालेल्यांना नीटला बसता येईल, असा निर्णय राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२३ मध्ये घेतला. एमएचटी-सीईटीचे गुण एमबीबीएसला चालत नाहीत, हेही सांगून ठेवतो, कारण दर जूनमध्ये कुणीतरी विचारतंच. नीटचा पेपर मराठीतून देता येतो, पण पुढची पुस्तकं, परीक्षा सगळं इंग्रजीत.

आणि फिजिक्स एकदाचं सुटलं असं समजू नका. एमडीच्या पहिल्याच वर्षी वायूंचे नियम, सिलिंडरमधला दाब, फ्लोमीटर, व्हेपोरायझर असं सगळं पुन्हा समोर येतं, आणि तोंडी परीक्षेत त्यावर हमखास अडवतात.

३. मुलाला अ‍ॅनेस्थेशिया टेक्निशियनच्या कोर्सला घातलं तर तो पुढे भूलतज्ज्ञ होईल का?

नाही. तंत्रज्ञाचा अभ्यासक्रम वेगळा आणि काम वेगळं. नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या बीपीएमटीसारख्या पदव्या करून थिएटरमध्ये चांगली नोकरी मिळते. मशीन तपासून तयार ठेवणं, उपकरणं हातात देणं, मॉनिटर लावणं ही तंत्रज्ञाची कामं, आणि हुशार तंत्रज्ञ असला की आमचा अर्धा जीव भांड्यात पडतो. पण भूल देण्याचा निर्णय, औषध, मात्रा आणि जबाबदारी डॉक्टरची. त्या पदवीवरून एमडीला बढतीने जाता येत नाही. जायचं असेल तर नीट-यूजीपासून सुरुवात. परदेशात भूल देणाऱ्या परिचारिका असतात, तसा स्वतंत्र अधिकार आपल्याकडे नाही.

४. एमबीबीएस करताना ही शाखा आपल्याला जमेल की नाही हे कळतं का?

फारसं नाही. एमबीबीएसला भूलशास्त्राचा स्वतंत्र पेपर नसतो, तो भाग सर्जरीत येतो. इंटर्नशिपमध्ये अ‍ॅनेस्थेशिया आणि क्रिटिकल केअरला दोन आठवडे असतात. बरेच इंटर्न ते नीट-पीजीच्या अभ्यासाची सुट्टी म्हणून वापरतात आणि मग काउन्सेलिंगच्या आदल्या रात्री ‘शाखा कशी आहे हो’ विचारतात. त्या दोन आठवड्यांत सकाळी सर्जनच्या आधी थिएटरमध्ये पोचा आणि शेवटचा पेशंट रिकव्हरीत जाईपर्यंत थांबा. दोन-तीन दिवसांतच अंदाज येतो.

५. नीट-पीजी आणि आयएनआय-सीईटी यात फरक काय? दोन्ही द्यायच्या का?

नीट-पीजी ही राष्ट्रीय परीक्षा मंडळाची: २०० प्रश्न, ८०० गुण, बरोबर उत्तराला ४, चुकल्यास १ वजा. सरकारी, खासगी आणि अभिमत कॉलेजांतली एमडी, तशीच डीएनबी आणि मंडळाची पदविका, सगळं तिच्यावर. सरकारी कॉलेजांतल्या निम्म्या जागा अखिल भारतीय कोट्यात जातात. उरलेल्या राज्याच्या, आणि त्यांची प्रक्रिया आपल्याकडे सीईटी सेल राबवतो.

आयएनआय-सीईटी दिल्लीचं एम्स वर्षातून दोनदा घेतं. त्यातून सगळी एम्स (नागपूरचं धरून), चंडीगडचं पीजीआय, पुदुच्चेरीचं जिपमेर अशा संस्था मिळतात. अभ्यास बराचसा एकच असल्याने दोन्ही द्या.

६. अ‍ॅनेस्थेशिया मिळायला किती रँक लागते?

एक आकडा सांगणारा माणूस तुम्हाला फसवतो आहे. रँक वर्षागणिक, प्रवर्गागणिक, राज्य कोटा की अखिल भारतीय कोटा त्यागणिक बदलते. रेडिओलॉजी, मेडिसिन, त्वचारोग आधी भरतात. अ‍ॅनेस्थेशिया त्यांच्यानंतर, पण पूर्वीइतकं मागे राहिलेलं नाही. सीईटी सेल आणि अखिल भारतीय कोट्याची प्रक्रिया राबवणारी एमसीसी ही समिती दर फेरीच्या वाटपाच्या याद्या जाहीर करतात. गेल्या दोन-तीन वर्षांच्या याद्या काढून आपल्या प्रवर्गाचा शेवटचा क्रमांक स्वतः बघा.

पात्र ठरणं म्हणजे जागा मिळणं नव्हे. २०२३ मध्ये रिकाम्या जागा भरायला पात्रतेची अट शून्य पर्सेंटाइलवर आणली होती, म्हणून सगळ्यांना हवी ती शाखा मिळाली असं झालं नाही.

७. एमडी, डीएनबी की डीए? घरचे म्हणतात एमडीच घे.

एमडी कॉलेजात होते आणि पदवी विद्यापीठाची मिळते. डीएनबी मान्यताप्राप्त रुग्णालयात होते, त्यात मोठी खासगी आणि ट्रस्टची रुग्णालयं आली, आणि परीक्षा राष्ट्रीय मंडळाची असते. दोन्हींची मुदत ३ वर्षं आणि पात्रता म्हणून दोन्ही समकक्ष. लग्नाच्या बाजारात एमडीला अजून थोडा भाव जास्त आहे म्हणे, थिएटरमध्ये कुणी विचारत नाही.

डीए म्हणजे दोन वर्षांची पदविका. कॉलेजांतल्या पदविकेच्या बऱ्याच जागा गेल्या काही वर्षांत एमडीत बदलल्या गेल्या. त्या जागी राष्ट्रीय परीक्षा मंडळाने २०२० पासून एमबीबीएसनंतरच्या दोन वर्षांच्या पदविका आठ विषयांत सुरू केल्या, भूलशास्त्र त्यातलं एक. डीए झाल्यावर पीडीसीईटी ही परीक्षा देऊन डीएनबीला दोन वर्षांत जाता येतं. म्हणजे डीए अधिक डीएनबी चार वर्षं, थेट डीएनबीपेक्षा एक वर्ष जास्त. तालुक्याच्या गावी स्वतःची प्रॅक्टिस करायची असेल तर डीएवर उत्तम चालतं. अनेक नामांकित मंडळी डीएवरच निवृत्त झाली. मात्र शिकवायचं असेल किंवा सुपरस्पेशालिटी करायची असेल तर एमडी किंवा डीएनबी धरा (प्रश्न १५).

माझं मत विचाराल तर पदवीच्या अक्षरांपेक्षा तीन वर्षांत हातून कोणत्या केसेस गेल्या याला जास्त वजन द्या. ते कसं ओळखायचं ते प्रश्न १० मध्ये सांगितलं आहे.

८. सीपीएसची डीए मिळतेय. घेऊ का?

मुंबईचं कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही १९१२ ची जुनी संस्था, आणि महाराष्ट्रातल्या भूलतज्ज्ञांच्या एका अख्ख्या पिढीने तिथूनच डीए केलं. पण तिच्या पदविकांच्या मान्यतेवरून अलीकडे बराच गोंधळ झालेला आहे. तुमच्या वर्षाच्या तुकडीची पदविका महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल जादा अर्हता म्हणून नोंदवणार का, हे कौन्सिलकडून लेखी घ्या आणि मगच पैसे भरा. संस्थेच्या एजंटाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नका.

९. तीन वर्षं शिकायचं तरी काय असतं? बाहेरून तर एक इंजेक्शन देऊन झोपवलं एवढंच दिसतं.

झोपवणं हा त्यातला सोपा भाग. प्रोपोफॉल शिरेत गेलं की अर्ध्या-पाऊण मिनिटात माणूस झोपतो, आणि बऱ्याचदा त्याच क्षणी त्याचा श्वासही थांबतो. तिथून पुढे त्याचा श्वास, रक्तदाब, तापमान, वेदना सगळं तुमच्या ताब्यात येतं. तीन वर्षं शिकायचं ते हे.

पहिले काही महिने एकट्याने केस मिळत नाही. सकाळी मशीन तपासायचं: सिलिंडर किती भरलेलं आहे, सर्किट कुठे गळतंय का, सक्शन ओढतंय का, लॅरिंगोस्कोपचा (घशात घालून श्वासनलिकेचं तोंड बघायच्या उपकरणाचा) दिवा लागतो का. मग मास्क धरायला शिकायचं. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली, करंगळी कानाजवळच्या कोपऱ्यावर. दिसायला किरकोळ आहे. दाढीवाल्या, जाड मानेच्या, दात नसलेल्या आजोबांवर करून बघा म्हणजे पहिल्या सहा महिन्यांत बोटं का दुखतात ते कळेल. सीनियर मंडळी ट्यूब घालण्याआधी मास्क शिकवतात ते याचसाठी: ट्यूब गेली नाही तरी मास्कवर श्वास देता आला तर पेशंट वाचतो.

ट्यूब गेली असं वाटणं आणि ट्यूब श्वासनलिकेत असणं या निराळ्या गोष्टी. छाती हलतेय, स्टेथोस्कोपला आवाज येतोय, ट्यूबमध्ये वाफ दिसतेय, तरी ती अन्ननलिकेत असू शकते. कॅप्नोग्राफवर कार्बन डायऑक्साइडचा आलेख श्वासागणिक सलग उमटला तरच विश्वास ठेवायचा. रेसिडेन्टच्या अंगात हे इतकं मुरावं लागतं की त्याची नजर आपोआप त्या रेघेकडे गेली पाहिजे.

स्पायनल, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालून दिलेली भूल, त्याच सुमारास हातात येते. सिझेरियनच्या यादीवर दिवसाला चार-पाच मिळतात. सुई आत जाताना पडदा ओलांडल्याचा बारीकसा झटका बोटांना कळतो आणि पाण्यासारखा स्वच्छ थेंब दिसतो. त्यानंतरची पाच-दहा मिनिटं खरी कामाची, कारण रक्तदाब झपाट्याने उतरतो आणि बाई म्हणते ‘डॉक्टर, मळमळतंय’. ते वाक्य ऐकून मॉनिटरकडे बघणारा रेसिडेन्ट उशिरा पोचला. औषध आधीच सिरिंजमध्ये भरलेलं पाहिजे.

दुसऱ्या वर्षी लहान मुलं, अल्ट्रासाऊंड लावून नसांचे ब्लॉक, अतिदक्षता विभाग. तिसऱ्या वर्षी मेंदू, हृदय, छातीच्या शस्त्रक्रिया आणि रात्रीच्या ड्युटीत ज्युनियरना सांभाळणं. विदर्भ-मराठवाड्यातल्या सरकारी कॉलेजांत आयसीयूचं शिक्षण पुस्तकाबाहेरचं होतं: नाग आणि मण्यारच्या दंशाने श्वास बंद पडलेले, फवारणीच्या औषधाने विषबाधा झालेले शेतमजूर. यवतमाळला २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने जे झालं ते सगळ्यांनी वाचलंच आहे. असे रुग्ण व्हेंटिलेटरवर दिवसेंदिवस सांभाळणं हाही या शाखेचा भाग आहे, आणि तो जाहिरातीत दिसत नाही.

आणि एक काम, ज्याकडे सगळेच दुर्लक्ष करतात: शस्त्रक्रियेआधीची तपासणी. आजी कोणत्या गोळ्या घेतात, जिना चढताना दम लागतो का, आधी कधी भूल दिली होती तेव्हा काय झालं, तोंड किती उघडतं, कवळी आहे का, चहा शेवटचा कधी घेतला. ‘काही खाल्लं नाही’ म्हणणारा पेशंट ‘फक्त चहा-बिस्कीट’ खाऊन आलेला असतो, कारण आपल्याकडे चहा-बिस्कीट हे खाण्यात धरत नाहीत. हे बोलतं करून काढून घेणं पुस्तकात शिकवत नाहीत.

१०. दोन कॉलेजं मिळत असतील तर कोणतं घेऊ?

इमारत बघू नका, ब्रोशर वाचू नका. तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या रेसिडेन्टला गाठा. पहिल्या वर्षाचा दमलेला असतो आणि तिसऱ्याचा सुटकेच्या आनंदात, दोघंही नीट सांगत नाहीत. त्याला विचारा: तुझ्या हातून आतापर्यंत लहान मुलांच्या किती केसेस गेल्या? हार्ट आणि न्यूरोच्या केसेस इथेच होतात की पोस्टिंगला बाहेर जावं लागतं? व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आणि फायबरऑप्टिक कपाटात कुलूपबंद असतात की हातात मिळतात? रात्री दोन वाजता अडलं तर लेक्चरर येतात का?

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. काम भरपूर आणि पाठीशी कुणी नाही, अशा ठिकाणी हात लवकर तयार होतो खरा, पण चुकीच्या सवयीही तितक्याच पक्क्या होतात. उलट काही चकाचक रुग्णालयांत सगळं कन्सल्टंट करतात आणि रेसिडेन्ट चार्ट भरतो. या दोन टोकांच्या मधलं शोधा. मुंबईच्या महापालिकेच्या आणि जुन्या सरकारी कॉलेजांकडे लोक अजूनही ओढा ठेवून आहेत ते गर्दीच्या जोडीला शिकवणारी माणसं आहेत म्हणून.

११. थिसिस आणि परीक्षेचं काय?

प्रबंध सादर करावा लागतो आणि तो स्वीकारला गेल्याशिवाय अंतिम परीक्षेला बसता येत नाही. संशोधन पद्धती, नीतिमत्ता आणि जीवरक्षक कौशल्यांचे सक्तीचे छोटे कोर्सही आहेत, ते लवकर उरका. एमडीची लेखी परीक्षा चार पेपरांची, त्यानंतर प्रात्यक्षिक आणि तोंडी. याशिवाय एमडी करताना तीन महिने जिल्हा रुग्णालयात काढायचे असतात. तिकडे जायला लोक कुरकुरतात, पण मोजक्या साधनांत काम करायची सवय तिथेच लागते.

१२. बाँड म्हणजे नेमकं काय? पैसे भरून सुटता येतं का?

महाराष्ट्रात सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतून एमबीबीएस केल्यावर एक वर्ष, आणि पीजी केल्यावर पुन्हा एक वर्ष सरकारने नेमून दिलेल्या ठिकाणी सेवा द्यावी लागते. पगार मिळतो. सेवा टाळल्यास दंड आहे आणि तो लाखांच्या घरात जातो. दंड भरून सुटका द्यायची की नाही याचे नियम बदलत आले आहेत, तेव्हा तुमच्या प्रवेशाच्या वर्षीचं हमीपत्र हाच आधार धरा. पीजीनंतरचं वर्ष सीनियर रेसिडेन्ट म्हणून मेडिकल कॉलेजात मिळालं तर पुढे सहायक प्राध्यापकाच्या जागेसाठी लागणारा अनुभवही त्यात होऊन जातो. बाँड हा दंड न समजता तसा वापरा.

१३. मुलीसाठी ही शाखा ‘बरी’ असते ना? ओपीडीची कटकट नाही, वेळेत घरी.

वेळेत घरी हे कुणी सांगितलं? मुली या शाखेत पुष्कळ आहेत आणि उत्तम काम करतात, पण आराम म्हणून घेतली तर पहिल्याच वर्षी निराशा होईल. रेसिडेन्सीत सर्जरी, ऑर्थो, गायनॅक सगळ्यांच्या इमर्जन्सी एका भूलशास्त्र विभागावर येऊन पडतात. नंतर मात्र कामाचा आकार स्वतः ठरवता येतो: फक्त सकाळच्या याद्या, एकाच रुग्णालयाची नोकरी, किंवा आठवड्यातले ठराविक दिवस. हे स्वातंत्र्य खरं आहे, ते तीन वर्षांनंतर मिळतं.

रेसिडेन्सीत गरोदर राहिल्यास प्रसूती रजा मिळते. हजेरी कमी पडली तर मुदत तेवढी वाढते आणि परीक्षा पुढे जाते. दिवस गेल्याचं विभागप्रमुखांना लवकर सांगा, म्हणजे सी-आर्म (क्ष-किरणांचं यंत्र) चालणाऱ्या आणि वायू बाहेर नेण्याची सोय नसलेल्या थिएटरमधून पोस्टिंग बदलून घेता येईल. संकोच करू नका, आणि मुलग्यांनीही हे वाचून ठेवा, अदलाबदल तुमच्याशीच होणार आहे.

१४. खर्च किती?

सरकारी कॉलेजात पीजीची फी मध्यमवर्गीय घराला पेलते आणि दरमहा विद्यावेतन मिळतं, त्यावर माणूस राहू शकतो. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत फी वर्षाला लाखांनी. कर्ज काढून घेणार असाल तर एक लक्षात घ्या: भूलतज्ज्ञाला दवाखाना थाटावा लागत नाही, त्यामुळे शिक्षणानंतरचा खर्च कमी असतो. पण सुरुवातीची दोन-तीन वर्षं सर्जन ओळखीचे होईपर्यंत फोन कमी वाजतो.

१५. एमडीनंतर पुढे काय शिकता येतं?

नीट-एसएस देऊन डीएम किंवा डीआरएनबी या सुपरस्पेशालिटी पदव्या, मुदत ३ वर्षं. कार्डियाक अ‍ॅनेस्थेशिया, न्यूरोअ‍ॅनेस्थेशिया, लहान मुलांचं भूलशास्त्र, क्रिटिकल केअर असे पर्याय आहेत. एम्ससारख्या संस्थांची परीक्षा वेगळी, आयएनआय-एसएस. क्रिटिकल केअरला मेडिसिनवालेही येतात, त्यामुळे तिथे स्पर्धा घट्ट. वर्षभराच्या फेलोशिपही आहेत: वेदनाशमन, कर्करोग शस्त्रक्रियांतली भूल, रीजनल (शरीराच्या एका भागापुरती भूल). मुंबईचं टाटा मेमोरियल कर्करोग आणि वेदनेच्या कामासाठी देशभर ओळखलं जातं. सगळ्यांना डीएमची गरज नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व प्रकारच्या केसेस सांभाळणारा एमडी अजूनही सगळ्यात जास्त लागतो.

१६. मी बीएएमएस आहे आणि एका नर्सिंग होममध्ये सर्जन मला भूल द्यायला सांगतात. देऊ का? पुढे एमडी अ‍ॅनेस्थेशिया करता येईल?

पहिल्याचं उत्तर: देऊ नका. काही झालं तर सर्जन बाजूला होतील आणि कागदावर तुमचं नाव राहील. दुसऱ्याचं: नीट-पीजीला एमबीबीएसच लागतं. आयुर्वेदात संज्ञाहरण या विषयावर पदव्युत्तर शिक्षण झालेलं आहे, पण त्या पदवीवर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये भूलतज्ज्ञ म्हणून नोंद होत नाही. बीएचएमएस आणि बीडीएस यांनाही हेच लागू. दंतशल्यचिकित्सेच्या एमडीएसला भूलशास्त्रात पोस्टिंग असतं, ते शिकण्यापुरतं.

१७. मी एमबीबीएस आहे, ग्रामीण रुग्णालयात मेडिकल ऑफिसर आहे. पीजी नाही, पण सिझेरियनला भूल देण्याचं प्रशिक्षण मिळू शकतं असं ऐकलं.

बरोबर ऐकलंत. राष्ट्रीय आरोग्य अभियानात एलएसएएस नावाचं काही महिन्यांचं प्रशिक्षण आहे, भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी तातडीच्या प्रसूतीसाठी एमबीबीएस डॉक्टरांना तयार करण्याकरता. ते त्या कामापुरतंच. त्यावर खासगीत हर्निया-अपेंडिक्सच्या केसेस घेता येत नाहीत, आणि डीएच्या बरोबरीचंही ते नाही. पण ज्यांना शाखेची गोडी आहे त्यांना सेवेत राहून पुढे सेवांतर्गत कोट्यातून एमडीला जाताना हा अनुभव फार उपयोगी पडतो. त्या कोट्यासाठीही नीट-पीजी द्यावीच लागते.

१८. माझं एमबीबीएस परदेशातलं आहे.

एफएमजीई ही परदेशी पदवीधरांची पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागेल: ३०० प्रश्न, किमान १५० गुण, वर्षातून दोनदा. त्यानंतर भारतात इंटर्नशिप आणि कायम नोंदणी. मग नीट-पीजीला तुम्ही आणि इथले एकाच रांगेत. २०२१ च्या नियमांनुसार तिकडचा अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि इंग्रजी माध्यमाचा असला पाहिजे, शिवाय तिथेही १२ महिन्यांची इंटर्नशिप. प्रवेश घेण्याआधी हे तपासायचं असतं. नंतर त्यावर इलाज उरत नाही.

१९. एमडी इथे करून अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये काम करता येईल?

अमेरिकेत इथली एमडी साधारणपणे धरली जात नाही. यूएसएमएलई ही तिकडची परवाना परीक्षा, मग मॅच (रेसिडेन्सीच्या जागांचं वाटप), आणि चार वर्षांची रेसिडेन्सी पुन्हा, त्यातलं पहिलं इंटर्न वर्ष. म्हणून तिकडेच जायचं पक्कं असेल तर इथे तीन वर्षं घालवण्यापूर्वी विचार करा. ब्रिटनमध्ये पूर्ण प्रशिक्षण सात वर्षांचं: तीन कोअर, चार पुढची, आणि मध्ये एफआरसीए या भूलशास्त्राच्या अर्हतेच्या परीक्षा. तिथे मात्र इथला अनुभव दाखवून वरच्या टप्प्यावर शिरायला किंवा काही काळ प्रशिक्षणासाठी जायला वाव आहे.

२०. उलट झालं तर? मुलीने ब्रिटनमध्ये भूलशास्त्राचं पीजी केलंय आणि तिला पुण्याला परत यायचंय.

अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड या पाच इंग्रजीभाषक देशांतल्या, तिथे त्या विषयातली प्रॅक्टिस करायला मान्य असलेल्या पीजी अर्हता भारतात मान्य करण्याची अधिसूचना २००८ ची आहे. भारतीय नागरिकत्व सोडलं असेल तर नोंदणीचा प्रश्न वेगळा आणि किचकट होतो. ओसीआय कार्ड आहे म्हणजे झालं, असं धरून विमानाचं तिकीट काढू नका, आधी आयोगाला लिहा.

२१. आम्ही गोव्याचे. काय वेगळं?

एमबीबीएस आणि एमडी दोन्ही बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात होतं. संस्थेचं मूळ १८४२ च्या पोर्तुगीज वैद्यकीय शाळेत आहे. परीक्षा त्याच, प्रश्न ५ मधल्या. राज्य कोट्यासाठी गोव्याच्या रहिवासाच्या अटी आहेत. सिंधुदुर्गातून उपचारांना लोक तिथे जातात म्हणून प्रवेशही तिथल्या कोट्यातून मिळेल असं नाही. तुमचा राज्य कोटा महाराष्ट्रातच.

२२. एएफएमसीतून हा रस्ता सोपा पडतो का?

स्वस्त पडतो, सोपा नाही. पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलाच्या वैद्यकीय कॉलेजात, नीटच्या गुणांनंतर त्यांची आणखी एक चाचणी आणि मुलाखत असते. एमबीबीएसनंतर सैन्यदलात अधिकारी म्हणून सेवा बंधनकारक, पीजी पुढे सेवेत असताना. कुठे पोस्टिंग मिळेल ते तुमच्या हातात नसतं.

२३. वय ३६, दहा वर्षं जनरल प्रॅक्टिस केली. आता नीट-पीजी देऊन अ‍ॅनेस्थेशियाला जाऊ का?

नियम आडवा येत नाही. रात्रीची जागरणं आड येतात, आणि वयाने लहान सीनियरचं ऐकून घ्यावं लागतं ते त्याहून जड जातं. जनरल प्रॅक्टिस केलेले रेसिडेन्ट पेशंटशी बोलण्यात आणि आजार ओळखण्यात सरस असतात, औषधांच्या नव्या मात्रा आणि फिजिक्समध्ये अडखळतात. उत्पन्न तीन वर्षं विद्यावेतनावर येईल, तेवढी तजवीज असेल तर जरूर जा.

२४. निकाल लागला. आता लगेच केसेस घेऊ शकतो?

आधी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे जादा अर्हतेची नोंद करा. ती झाल्याशिवाय लेटरहेडवर आणि शिक्क्यावर एमडी लिहू नका. नोंदणीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी असतं आणि त्यासाठी सीएमईचे (डॉक्टरांच्या निरंतर शिक्षणाच्या कार्यक्रमांचे) गुण जमवावे लागतात, शेवटच्या महिन्यात धावपळ करू नका. व्यावसायिक दायित्वाचा विमा पहिल्या केसच्या आधी काढा. आणि नव्या नर्सिंग होमला पहिल्यांदा जाताना यादीच्या अर्धा तास आधी पोचून ऑक्सिजन, सक्शन आणि कॅप्नोग्राफ स्वतः बघा. कॅप्नोग्राफ नसेल तर जनरल अ‍ॅनेस्थेशियाची केस घेऊ नका, सर्जन कितीही जवळचे असोत.